उधारीची यादी ग्रुपवर टाकण्याआधी हा हिशोब करा



उधारी वसुलीच्या व्हिडिओनंतर एका नवीन दुकानदार मित्राने मला विचारलं, "सर, उधारी थकवणाऱ्यांची नावं स्टेटसला ठेवली तर चालेल का? आमच्या शेजारच्या दुकानदाराने ठेवली. दोन दिवसांत तिघांनी पैसे आणून दिले."

प्रश्न प्रामाणिक आहे, त्यामुळे उत्तरही प्रामाणिक देतो. हो, पैसे येतात. काही जण धावत येऊन देतात. म्हणूनच हा धडा लिहावा लागतोय. पैसे आलेच नसते तर कोणी हा उद्योग केला नसता आणि मलाही काही सांगायची गरज पडली नसती.

मी हे पुस्तकात वाचून सांगत नाही. मी स्वतः हे केलेलं आहे. व्हिडिओमध्ये दोन मिनिटांत उरकलं, कारण कॅमेऱ्यासमोर बोलताना जड गेलं. इथे नीट लिहितो.

माझी अकरा नावं

आमचं अवसरी बुद्रुकमध्ये किराणा आणि जनरल स्टोअर आहे. वडिलांनी, म्हणजे आण्णांनी, सुरू केलेलं. बीबीए करून मी दुकानात बसायला लागलो तेव्हा डोक्यात कॉलेजचं सगळं ताजं होतं. कॅश फ्लो, वर्किंग कॅपिटल, रिकव्हरी. आण्णांची लाल वही उघडली तर बाकीच बाकी. कोणाची सहा महिन्यांची, कोणाची वर्षाची. मंचरच्या होलसेलवाल्याचा तगादा माझ्या मागे आणि माझे पैसे गावभर पसरलेले.

एका रात्री चिडून अकरा नावांची यादी केली. नाव, रक्कम, किती महिने थकले. वर ठळक अक्षरात लिहिलं, "ज्यांना लाज असेल त्यांनी आठ दिवसांत हिशोब पूर्ण करावा." स्टेटसला ठेवली आणि गावाच्या ग्रुपवरही टाकली. आमच्याकडचे ग्रुप कसे असतात ते तुम्हाला माहीत आहे. बिबट्या कुठल्या वस्तीवर दिसला, लाईट किती वाजता येणार, कोणाच्या दहाव्याला कधी निघायचं, हे सगळं त्याच ग्रुपवर. म्हणजे गावातलं प्रत्येक घर तिथे हजर.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघे पैसे घेऊन आले. मला वाटलं, बघा, बीबीए कामाला आलं.

तिसरा माणूस आला तो पैसे द्यायला आला नव्हता. त्यांना आपण काका म्हणू. ते काउंटरला उभे राहिले आणि आवाज न चढवता म्हणाले, "आण्णांना बोलाव." आण्णा आतून आले. काकांनी एवढंच विचारलं, "मी पैसे दिले होते का नाही, तुम्हीच सांगा." आण्णांचा चेहरा उतरला. काकांनी दिवाळीच्या आधीच पूर्ण पैसे दिले होते. आण्णांनी ते गल्ल्यात टाकले होते आणि वहीत रेघ मारायची राहिली होती.

मी लगेच ग्रुपवरची यादी डिलीट केली. माफी मागितली. काका म्हणाले, "तुझी चूक झाली, माणसाकडून होते. पण माझ्या पोराला मी काय सांगू?"

त्यांचा मुलगा तेव्हा नववीत होता. शाळेत एकाच्या मोबाईलवर माझ्या यादीचा स्क्रीनशॉट पोहोचला होता. पोरांनी त्याचं नाव ठेवलं "बाकी". वर्गात बाकी, मैदानावर बाकी, एसटीत बाकी. तो मुलगा रोज आमच्या दुकानातून पेन, वह्या न्यायचा. त्यानंतर तो साध्या रिफिलसाठीसुद्धा मंचरला जायला लागला. मी डिलीटचं बटण दाबलं होतं, पण ते फक्त माझ्या मोबाईलपुरतं. त्याच्या वर्गातल्या तोंडांना डिलीटचं बटण नव्हतं.

आता धंद्याचा हिशोब

भावनेचं बाजूला ठेवू. तुम्ही म्हणाल, एक चूक झाली, बाकी दहा तर खरे थकबाकीदार होते ना? ठीक आहे. आपण व्यापारी आहोत, आकड्यांत बोलू.

यादीतली एकूण बाकी ४१,३०० रुपये होती. यादी टाकल्यावर चार जणांनी मिळून १४,७०० रुपये दिले. उरलेले २६,६०० कागदावरच राहिले. त्यात काकांची रक्कम तर मुळात बाकी नव्हतीच.

आता दुसरी बाजू बघा. या अकरापैकी नऊ घरांनी माझ्याकडे येणं बंद केलं. ज्या चौघांनी पैसे दिले त्यातलेसुद्धा दोघे गेले. एक घर महिन्याला सरासरी ३,००० रुपयांचा किराणा भरत होतं असं धरा. नऊ घरं म्हणजे महिन्याला २७,०००, वर्षाला ३,२४,००० रुपयांची विक्री. दहा टक्के मार्जिन धरलं तर वर्षाला ३२,४०० रुपये नफा. म्हणजे १४,७०० रुपये वसूल करण्यासाठी मी दरवर्षीचे ३२,४०० रुपये घालवले. आणि ते एका वर्षापुरतं नाही. गावातलं घर एकदा दुकान बदललं की पिढी बदलेपर्यंत परत येत नाही.

यात एक आकडा अजून धरलेला नाही. ज्यांची नावं यादीत नव्हती त्यांनीही ती यादी वाचली होती. त्यांच्या मनात काय आलं असेल? "आज त्यांचं नाव आहे, उद्या आपली अडचण आली तर आपलं." उधारी देणारा दुकानदार हा गावात विश्वासाचा माणूस असतो. घरात दुखणं आहे, बाजार पडलाय, पोराची फी भरायची आहे, हे तो वहीतून ओळखतो. ती माहिती त्याने आपल्याजवळ ठेवावी हा न बोललेला करार असतो. तो करार मी ग्रुपवर फाडला.

फोनवरची लाज वेगळी का असते?

चारचौघांत बोलणं आपल्याकडे नवीन नाही. पारावर, चावडीवर, लग्नाच्या पंगतीत माणसाला टोमणा मारायचे. धिंड काढण्याचे आणि वाळीत टाकण्याचे प्रकारही याच मातीतले. वाळीत टाकल्याने कुटुंबं उद्ध्वस्त होतात हे इतकं दिसलं की महाराष्ट्राला सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ साली स्वतंत्र कायदा करावा लागला. तो ३ जुलै २०१७ पासून लागू आहे. म्हणजे लाज हे हत्यार किती खोल जातं हे आपल्याला आधीपासून माहीत आहे. मोबाईलने त्यात चार गोष्टी वाढवल्या.

१. वेळ संपत नाही. पारावरचा टोमणा संध्याकाळी विरतो. स्क्रीनशॉट चार वर्षांनी सोयरीक जुळवतानाही निघतो.

२. ती एकट्यावर पडत नाही. उधारी बापाची असते, मान पोराची खाली जाते. बायको हळदीकुंकवाला जायची टाळते. माहेरच्या ग्रुपपर्यंत यादी गेलेली असते.

३. उत्तर द्यायला जागा नसते. समोरासमोर भांडण झालं तर माणूस म्हणतो, "माझा कांदा अजून चाळीत आहे, पट्टी आली की देतो." ग्रुपवर हे लिहिलं की अजून हसू होतं. त्यामुळे माणूस गप्प बसतो आणि लोक त्या गप्प बसण्याचा अर्थ लावतात.

४. टाकणारा एक असतो, मारणारे अनेक. मी यादी टाकली, पण खाली हसणारे इमोजी टाकणारे दुसरेच होते. प्रत्येकाला वाटतं आपण एकच दगड मारला. ज्याला लागतात त्याने सगळे मोजलेले असतात.

मालाडची घटना

हे गावापुरतं आहे असं समजू नका. कर्ज देणाऱ्या काही बेकायदा मोबाईल ॲपनी याच लाजेचा धंदा केला. पद्धत सोपी होती. ॲप टाकताना तुमच्या मोबाईलमधली सगळ्यांची नावं, नंबर आणि फोटो ते घेणार. हप्ता चुकला, कधी कधी न चुकताही, की तुमच्या फोटोत छेडछाड करून अश्लील फोटो बनवणार आणि तो तुमच्या मेव्हण्याला, साहेबाला, शेजाऱ्याला पाठवणार.

मे २०२२ मध्ये मुंबईत मालाडला राहणाऱ्या ३८ वर्षांच्या एका माणसाने याच छळानंतर आपलं जीवन संपवलं. त्याचे असे फोटो त्याच्या ओळखीच्या लोकांना आणि सोबत काम करणाऱ्यांना पाठवले गेले होते. रक्कम किती होती हा इथे मुद्दाच राहत नाही. कुठलीही रक्कम एवढी मोठी नसते. त्याला मारलं ते "आता सगळ्यांना कळलं" या भावनेने.

पुढे रिझर्व्ह बँकेने नियम कडक केले. १२ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकात बँका आणि फायनान्स कंपन्यांना स्पष्ट सांगितलं की वसुली करताना कर्जदाराचा चारचौघांत अपमान करायचा नाही, त्याच्या घरच्यांच्या आणि मित्रांच्या खासगी आयुष्यात घुसायचं नाही, मोबाईलवर किंवा सोशल मीडियावर नको ते मेसेज पाठवायचे नाहीत, सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ च्या नंतर वसुलीचा फोन करायचा नाही. २ सप्टेंबर २०२२ च्या डिजिटल कर्जाच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये सांगितलं की कर्जाच्या ॲपने ग्राहकाची कॉन्टॅक्ट लिस्ट, कॉल लॉग, फोटो-फाईल यांना हात लावायचा नाही.

हे नियम किराणा दुकानाला लागू नाहीत, कारण आपण बँक नाही. पण माप म्हणून वापरा. कोट्यवधींची थकबाकी असलेल्या बँकेला जे करायला मनाई आहे, ते आपण चार हजारांसाठी करायचं का?

"चोर सापडला" व्हिडिओ

उधारीनंतर दुकानदाराचा दुसरा राग म्हणजे चोरी. सीसीटीव्हीतली क्लिप कापायची, लाल गोल काढायचा आणि लिहायचं, "हिला ओळखा." थांबा. क्लिप दहा सेकंदांची असते. पिशवीत वस्तू टाकताना दिसते, नंतर काउंटरला पैसे देताना दिसत नाही, कारण तो कॅमेरा वेगळा असतो.

चुकीची ओळख गर्दीच्या हातात गेली की काय होतं याचं महाराष्ट्रातलं सगळ्यात भयंकर उदाहरण धुळे जिल्ह्यातलं आहे. साक्री तालुक्यातलं राईनपाडा. १ जुलै २०१८, रविवार, आठवडे बाजाराचा दिवस. मुलं पळवणारी टोळी फिरते आहे अशा अफवा त्या दिवसांत व्हॉट्सॲपवर पसरल्या होत्या. मंगळवेढा भागातून आलेले, भिक्षा मागून पोट भरणारे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तिथे होते. जमावाने त्यांना पकडलं, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं आणि मारून टाकलं. पाचही निरपराध होते. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करता येईल अशी मर्यादा जाहीर केली.

तुमची क्लिप आणि राईनपाडा यात खूप अंतर आहे, मला मान्य आहे. पण रस्ता तोच आहे. तुम्ही "ओळखा" म्हणता आणि पुढे लोक काय करतील यावर तुमचा ताबा नसतो.

चोरी झाली असेल तर क्लिप पोलिसांना द्या, ग्रुपला नाही. लहान मूल असेल तर मोबाईल खिशातच ठेवा. पोलीस चौकशीत किंवा खटल्यात आलेल्या मुलाचं नाव, फोटो, शाळा उघड करायला बाल न्याय कायदा २०१५ च्या कलम ७४ ने मनाई आहे. माझी आताची पद्धत सांगतो. चॉकलेट उचलताना पोर दिसलं की मी त्याला गिऱ्हाईक नसताना हाक मारतो, "ते ठेव बाळा, पुढच्या वेळी माग," एवढंच म्हणतो. पाच रुपयांचं चॉकलेट आहे. त्या पोराचं शाळेतलं नाव त्याहून महाग आहे.

गर्दी धंदेवाल्यावरही उलटते

आता उलटा विचार करा. उद्या तुमचाच व्हिडिओ निघाला तर?

दिल्लीच्या मालवीय नगरमधला "बाबा का ढाबा" तुम्हाला आठवत असेल. ऑक्टोबर २०२० मध्ये एका यूट्यूबरने कांता प्रसाद या म्हाताऱ्या ढाबेवाल्याचा रडतानाचा व्हिडिओ टाकला आणि दुसऱ्या दिवशी ढाब्यावर रांग लागली. मदतीचे पैसे आले. मग त्या पैशांच्या हिशोबावरून बाबांनी त्याच यूट्यूबरविरुद्ध पोलिसांत तक्रार केली. तीच गर्दी फिरली. डोक्यावर घेतलेल्या माणसाला लोक कृतघ्न, लोभी म्हणू लागले. डिसेंबर २०२० मध्ये त्यांनी रेस्टॉरंट उघडलं, ते चाललं नाही, २०२१ च्या सुरुवातीलाच बंद झालं. ते परत जुन्या ढाब्यावर आले. जून २०२१ मध्ये त्यांनी यूट्यूबरची जाहीर माफी मागितली आणि त्याच महिन्यात जीव देण्याचा प्रयत्न केला म्हणून त्यांना हॉस्पिटलमध्ये न्यावं लागलं. ते वाचले.

नऊ महिन्यांत एका छोट्या धंदेवाल्याला गर्दीने उचललं, आपटलं आणि विसरून गेली. यात कोण बरोबर कोण चूक हे मला ठरवायचं नाही. धडा एवढाच घ्या की गर्दी कोणाचीही कायमची गिऱ्हाईक नसते. जी आज तुमच्या पोस्टवर "बरोबर केलं भाऊ" म्हणते, तीच उद्या तुमच्या दुकानातल्या किडलेल्या डाळीचा फोटो फिरवते.

कायदा काय म्हणतो, थोडक्यात

बरेच जण म्हणतात, "मी खरंच लिहिलंय, मग बदनामी कशी?" नीट वाचा. भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६ बदनामीबद्दल आहे. शिक्षा दोन वर्षांपर्यंत साधी कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही, किंवा समाजसेवा. गोष्ट खरी आहे एवढ्यावर सुटका होत नाही. ती सांगणं लोकांच्या हिताचं होतं हेही दाखवावं लागतं. अमक्याकडे माझे २,८०० रुपये बाकी आहेत हे सांगण्यात लोकहित कुठलं, हे कोर्टात समजावून सांगणं अवघड आहे.

ग्रुप ॲडमिन असाल तर एक दिलासा आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्च २०२१ मध्ये सांगितलं की सदस्याने टाकलेल्या मजकुरासाठी निव्वळ ॲडमिन आहे म्हणून कोणी गुन्हेगार ठरत नाही, त्यात त्याचा सहभाग किंवा समान हेतू दिसला पाहिजे. पण अशी यादी दिसली की ती काढायला लावणं हे तुमचं माणूस म्हणून काम आहे.

मग उधारी वसूल करायची कशी?

हा खरा प्रश्न आहे. "लाजवू नका" म्हणून सोडून दिलं तर तुमचं दुकान बुडेल. तुकाराम महाराजांची आठवण सगळ्यांना माहीत आहे. घरात दुकानदारी आणि सावकारी, पण त्यांनी आपल्या वाट्याची कर्जखतं इंद्रायणीत बुडवली असं सांगतात. आपण संत नाही, आपल्याला होलसेलवाल्याला पैसे द्यायचे आहेत. वही बुडवू नका. पण माणूसही बुडवू नका. मी आता जे करतो ते असं आहे.

पहिलं, आधी वही तपासा. कोणालाही तगादा करण्याआधी घरातल्या सगळ्यांना विचारा, "याचे पैसे कोणी घेतलेत का?" दर रविवारी रात्री मी आणि आण्णा अर्धा तास वही जुळवतो. पैसे घेतले की लगेच रेघ आणि गिऱ्हाइकाला मेसेज, "५०० मिळाले, बाकी इतकी."

दुसरं, मर्यादा आधीच ठरवा. एका घराला किती उधारी हे वहीच्या पहिल्या पानावर लिहा. माझा नियम एका महिन्याच्या किराण्याएवढा. ती मर्यादा भरली की पुढचा माल रोखीने. हे हसून आणि पहिल्याच दिवशी सांगायचं. उधारी थकते त्यात निम्मी चूक आपली असते, कारण आपण थांबवत नाही.

तिसरं, त्यांच्या पैशाचं वेळापत्रक ओळखा. आपल्या भागात पैसा महिन्याच्या एक तारखेला येत नाही. दुधाचा पगार दर दहा दिवसांनी होतो. कांद्याची, बटाट्याची पट्टी बाजार समितीतून येते. उसाचं बिल कारखान्याकडून येतं. ज्याचा पैसा ज्या दिवशी येतो त्याच्या दुसऱ्या दिवशी विचारा. पाण्याची पाळी चुकलेल्या माणसाकडे त्याच दिवशी मागायला गेलात तर भांडणच मिळेल.

चौथं, एकट्याला विचारा. ग्रुप नाही, काउंटर नाही, लग्नमंडप नाही. बायको-मुलांकडे निरोप नाही. मी असा मेसेज करतो, तुम्ही तुमच्या भाषेत करा: "काका नमस्कार. तुमच्या खात्यावर आजअखेर २,८५० रुपये आहेत. या दुधाच्या पगारातून ५०० जमतील का? नसतील जमत तर कधी आणि किती ते कळवा. वही बघायला कधीही या."

पाचवं, हप्ता पाडा. २,८५० एकदम मागितले की माणूस तोंड चुकवतो. ५०० मागितले की दुकानात येतो. दुकानात आला की रोखीने काहीतरी घेऊनही जातो.

सहावं, मोठी रक्कम असेल तर कागद करा. उधारीच्या पैशांचा दावा साधारण तीन वर्षांच्या आत करावा लागतो. ती मुदत संपण्याआधी समोरच्याने बाकी मान्य करून लेखी सही दिली तर मुदत नव्याने मोजली जाते. म्हणून वर्षातून एकदा वहीत बाकीखाली सही घ्या.

सातवं, तरीही देत नसेल तर वकिलाची नोटीस, आणि त्याआधी लोकअदालत. आपल्या तालुक्याचं न्यायालय घोडेगावला आहे. तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज केला तर दावा दाखल होण्याआधीही तडजोडीसाठी प्रकरण लोकअदालतीत ठेवता येतं. कोर्ट फी लागत नाही. दोघे बसतात, आकडा ठरतो, गावभर बोभाटा होत नाही.

आठवं, काही पैसे येणारच नाहीत, हे मान्य करा. त्याला धंद्याचा खर्च समजा. अशा नावापुढे मी "बंद" लिहितो आणि पान उलटतो. त्या माणसाला रस्त्यात राम राम करतो. दोन जणांनी तीन वर्षांनी आपणहून आणून दिलेत.

टाकून बसला असाल तर

आजच काढा. सकाळपर्यंत थांबू नका. मग जिथे यादी टाकली त्याच जागी माफी लिहा, कारण खासगीत मागितलेली माफी ग्रुपला दिसत नाही. माफीत परत नावं आणि रकमा लिहू नका. "पण त्यांनीही" हा शब्द येऊ देऊ नका. नंतर प्रत्येकाच्या घरी स्वतः जा. फोन नाही, घरी. आत बोलावलं तर बसा, नाही बोलावलं तर दारातून माफी मागून या.

तुमच्यावर वेळ आली तर

रात्री उत्तर लिहू नका. स्क्रीनशॉट, लिंक, तारीख जपून ठेवा. चूक तुमची असेल तर दोन ओळींत कबूल करा आणि काय सुधारलं ते सांगा. चूक नसेल तर एकदाच, कागदासह खुलासा करा आणि थांबा. प्रत्येक कमेंटशी भांडू नका. धमकी, खोटे फोटो, पैशांची मागणी असेल तर सायबर फसवणुकीची हेल्पलाईन १९३० आणि जवळचं पोलीस ठाणं. दुकान एकटे चालवत असाल तर घरच्यांपासून लपवू नका, त्यांना बाहेरून कळण्याआधी तुमच्याकडून कळू द्या. आणि मन फारच खचलं, नको नको ते विचार यायला लागले, तर १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर फोन करा. फुकट आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. गिऱ्हाइकाला असं खचलेलं बघितलंत तर त्यालाही हा नंबर द्या. तो तुमचा थकबाकीदार असला तरी द्या.

या आठवड्याचा गृहपाठ

वही काढा. सगळ्यात जास्त राग येतो ती पाच नावं लिहा. प्रत्येकापुढे तीन रकाने करा. त्याच्या घरात पैसा कधी येतो, त्याला पेलेल असा हप्ता किती, आणि मी त्याच्याशी शेवटचं एकट्यात कधी बोललो. तिसरा रकाना भरताना बहुतेक जण अडकतात. मीही अडकलो होतो. अकरापैकी नऊ जणांशी मी यादी टाकण्याआधी एकदाही नीट बोललेलो नव्हतो.

शेवटी त्या मुलाचं सांगतो, कारण व्हिडिओखाली बऱ्याच जणांनी विचारलं. काका दोन वर्षांनी परत यायला लागले, आण्णांसाठी. मुलगा आता पॉलिटेक्निकला आहे. रस्त्यात भेटला तर मान हलवतो, नीट बोलतो. दुकानात मात्र अजून आलेला नाही. माझ्याकडे त्याच्या आवडीच्या पेनाचा डबा अजून मागवला जातो. गिऱ्हाईक कमी आहे त्याला, पण मागवतो.

वही जुळवायला बसा. पुढच्या धड्यात होलसेलवाल्याकडून आपल्याला उधारी कशी मिळवायची ते बघू.